कडी, खिडकी आणि कौसामावशी

कौसामावशी कुठल्याही नव्या खोलीत शिरली की आधी आम्हाला बाहेर काढायची. दार लावून घ्यायची. आतून कडी सरकल्याचा आवाज यायचा आणि मागोमाग हुकूम, "ढकला!"

मग आम्ही पाच जणी पाठीवरच्या बॅगांसकट दाराला खांदे लावायचो. घरमालक, त्यांची बायको, कधी त्यांची नातवंडं अंगणात उभी राहून पाहत असायची. बाहेर 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' अशी पाटी असलेली कोकणातली साधी घरं ती. त्यांनी चादरी बदललेल्या असायच्या, माठ भरलेला असायचा आणि "या खिडकीतून समुद्र दिसतो" हे वाक्य ओठांवर तयार असायचं. मावशीला समुद्र नंतर.

"जोर लावा व! सकाळच्या भाकरी कोठी गेल्या?" आतून आवाज यायचा.

दार हललं नाही तर ती बाहेर येऊन मालकिणीला म्हणायची, "कडी चांगली हाय जी तुमची." मुलगी पसंत पडल्यासारखी. मालकीण हसायला लागायची तोवर दुसरी परीक्षा सुरू. "श्रावणी, नीघ." श्रावणी आमच्यातली सगळ्यात बारीक. तिनं पुढच्या दाराला हात न लावता खोलीतून बाहेर पडून दाखवायचं. खिडकीला गज असले तर न्हाणीघराकडचं मागचं दार तरी हवं. तेही नसेल तर मावशी बॅग उचलायची आणि आम्हाला म्हणायची, "पदा!" म्हणजे तेलुगूत, चला.

एका गावात एक मालक न राहवून म्हणाले, "बाई, तुम्ही राहायला आलात की पळून जायला?"

"राह्याले आलो जी," मावशी म्हणाली. "पन माह्या मागं दोन बाप हायेत ना."

त्या दोन बापांपैकी एक माझा आणि एक श्रावणीचा.

आम्ही पाच जणी तेलंगणातल्या आदिलाबादला मुलींच्या वसतिगृहात राहून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला शिकत होतो. मावशी तिथंच कामाला. दाराच्या किल्ल्या, संध्याकाळची हाजिरी, स्वयंपाकघरातली भाजी, सगळं तिच्याकडे. तेलुगू मुली तिला आयम्मा म्हणत, आम्ही मावशी; आमच्यात राहून मराठी शिकलेली श्रावणीही मावशीच म्हणायची. हाजिरी ती वहीतून घ्यायची नाही. रांगेनं प्रत्येकीच्या डोक्याला हात लावत जायची, मिरचीची रोपं मोजावीत तशी. एखादीचे केस कोरडे लागले तर मोजणी थांबवून तेल आणायला पाठवायची आणि मग पुन्हा पहिल्यापासून मोजायची.

समुद्राचं वेड श्रावणीनं आणलं. पाठीवर बॅग घेऊन, रात्री तंबूत राहून समुद्राच्या काठानं गावोगाव चालत जाणाऱ्या मुलींचा एक व्हिडिओ तिनं आम्हाला दाखवला. आमच्यातल्या एकीनंही समुद्र पाहिलेला नव्हता. परीक्षा संपल्यावर दहा दिवस जायचं ठरलं, म्हणजे आमच्यापुरतं ठरलं. माझ्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. भीमपूरकडच्या आमच्या खेड्यात बाबांचं किराणा दुकान आहे. मी फोनवर विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "समुद्रावर काय काम हाय?" काम काहीच नव्हतं. पाहायचा होता, एवढंच.

तेव्हा श्रावणीनं परस्पर सगळ्यांच्या घरी सांगून टाकलं की मावशी बरोबर येणार आहे. मावशीला हे दोन दिवसांनी कळलं.

"मले न इचारता मले नेऊन राह्यल्या?" ती कमरेवर हात ठेवून ओरडली. आम्ही माना खाली घातल्या. ती स्वयंपाकघरात गेली, भाजी हलवली आणि परत आली. "कोन्त्या तारखेले?"

मग एका रविवारी दोघं बाप वसतिगृहाच्या बाकावर येऊन बसले. बाकीच्या तिघींच्या घरच्यांनी सांगितलं होतं की हे दोघं जे ठरवतील ते आम्हाला मान्य. माझ्या बाबांना तेलुगू दुकानापुरतं येतं. श्रावणीचे वडील बेल्लमपल्लीचे, सगळा जन्म कोळशाच्या खाणीत जमिनीखाली काम केलेले. त्यांना मराठी अजिबात येत नाही. मावशी मधे उभी राहून इकडचं तिकडे करत होती.

बाबांची अट एकच. "पोरी रोज कडी लावून झोपल्या पाहिजेत. आतून."

मावशीनं ते तेलुगूत सांगितलं. श्रावणीच्या वडिलांनी मान हलवली आणि हळू आवाजात स्वतःची अट सांगितली. आत जायचा रस्ता एक असला तरी चालेल. बाहेर यायचे दोन पाहिजेत.

"दोन रस्ते?" बाबा म्हणाले. "म्हंजे चोराले बी दोन!"

तिकडून प्रश्न आला, कडी आतून अडकली आणि आग लागली तर?

"आग काऊन लागंल?"

"हे मी इचारू का त्याईले?" मावशी म्हणाली.

अर्धा तास असं चाललं. मला वाटतं मावशी मधून मधून थोडं स्वतःच्या मनाचंही घालत होती, कारण एकदा बाबांच्या एका लहानशा वाक्याचं तेलुगू फार लांब झालं आणि श्रावणीचे वडील हसले. शेवटी तिनं दोन्ही हात वर केले. "झालं! कडी बी, अन रस्ते बी दोन. रोज. मी कबूल करते."

"अन एखांद्या दिवशी नाही जमलं त?" बाबांनी विचारलं.

"त मी सोता सांगीन. माह्या तोंडानं. लपवनार नाही."

"अन मंग पोरी दुसऱ्या दिवशी वापस."

"वापस."

त्यांना बसस्टँडवर सोडायला मी गेले तेव्हा बाबा मला म्हणाले, "हे दहा दिवस नीट गेले त हैदराबादचा फारम भरू. नाही त इथीच बी.एड. पाह्य." मला हैदराबादला एम.एस्सी. करायचं होतं, आणि ते मी मावशीशिवाय कुणाला मोठ्यानं सांगितलेलं नव्हतं. बाबांना कसं कळलं ते मी तिला विचारलं नाही.

श्रावणीच्या मामेभावानं हैदराबादहून दोन तंबू भाड्यानं आणून दिले. मावशीनं ते वसतिगृहाच्या अंगणात उभे करून पाहिले. आत शिरली, चेन ओढून घेतली, पुन्हा उघडली. "याले कडी कोठी हाय?"

कडी नसते, आम्ही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती बाजारातून दोन पितळी कड्या घेऊन आली आणि कापसाची पोती शिवायचा दाभण अन सुतळी घेऊन बसली. श्रावणी किंचाळली, "मावशी, भाड्याचा तंबू आहे!"

"मंग? भाड्याच्या घराले कडी नसते का?"

कडी आतून लागायची तशी बाहेरूनही, म्हणजे बाहेरून कुलूपही घालता येत होतं. मावशीला हे फार आवडलं. तंबूंना मागूनही एक झडप होती, ती पाहून ती म्हणाली, "बेल्लमपल्लीवाले खूश." आणि तंबू गुंडाळून ठेवून दिले.

आम्हाला वाटत होतं की आपण तिला नेतोय. आदिलाबादची गाडी, मग कोकणातली गाडी, मग एसटी असं करत दापोलीच्या खाली उतरून पहिल्यांदा वाळूत पाय ठेवला, तेव्हा कळलं की उलटं आहे. आम्ही पाच पावलांत धापा टाकायला लागलो आणि मावशी चप्पल हातात घेऊन निवांत पुढे.

तिचं माहेर पैनगंगेच्या काठचं. पौषात नदी आटत गेली की तिचे वडील पात्रातल्या वाळूत टरबूज अन काकड्या लावायचे, आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत सगळं घर नदीतच राहायचं, पळसाच्या फांद्यांच्या खोपीत. "सतरा उन्हाळे वाळूत झोपली मी," ती म्हणायची. "वाळूचं मले नका शिकवू." काळपट, दबलेल्या वाळूवरून चालायचं, पांढऱ्या भुसभुशीत वाळूत शिरायचं नाही. टाच आधी टेकवायची नाही, पाऊल सपाट. दुपारी वाळू तापली तर वरचा थर पायानं बाजूला करून खालच्या थंड वाळूत बसायचं. हे सगळं ती पुढे चालता चालता, मागे न वळता सांगायची. आम्ही भराभर तसं करून पाहायचो.

समुद्राकडे मात्र तिनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती कपाळावर हात आडवा धरून दूरवर काहीतरी शोधत राहिली. मग म्हणाली, "याचा पल्याडचा काठ कोठी हाय?"

"नाही, मावशी."

"नाही कसा? दिसत नाही म्हना."

एका दुपारी आमच्या बाटल्या रिकाम्या झाल्या. सुरूच्या झाडांखाली मावशी बसली आणि हातांनी वाळू उकरायला लागली. नदीत असाच झिरा काढतात, ती म्हणाली, दोन हात खाली पाणी असतंच. आम्हीही उकरायला लागलो. अर्ध्या तासानं कोपरापर्यंत हात गेला आणि खाली खरंच पाणी दिसलं. गढूळ, पण चव घेतली तर गोड. आम्ही आनंदानं ओरडलो. तेवढ्यात एक मच्छीमार काका जाळं खांद्यावर घेऊन तिथून चालले होते, ते थांबले.

"काय हरवलं काय?"

"पानी काढून राह्यलो जी," मावशी अभिमानानं म्हणाली.

काकांनी झाडांपलीकडे हात केला. "तिथं नळ आहे की."

मावशीनं वाकून पाहिलं. नळ होता. "असू द्या जी," ती काकांना म्हणाली आणि आमच्याकडे वळली. "नळ काई तुमच्या नशिबात रोज नसंल." आणि आम्हाला सगळ्यांना त्या झिऱ्याचंच पाणी प्यायला लावलं.

चहाच्या टपरीवर एकानं विचारलं, तुम्ही तेलंगणातले, मग मराठी कसे? त्यानं पुढं जोडलं, "पण तुमचं मराठी वेगळंच आहे हां."

"आमचं नाही जी, तुमचं येगळं हाय," मावशी म्हणाली. "आमच्या गावात सगळे असंच बोलतात."

मुक्काम हलवताना ती मालकिणीकडे झाडू मागायची. दुसऱ्याच्या घरात आपली वाळू सोडून जायचं तिच्या मनाला पटत नसे. मालकीण लाजून "अहो राहू द्या" म्हणत झाडू ओढायची, मावशी आपल्याकडे ओढायची. एका घरी ही ओढाताण इतकी रंगली की शेवटी त्या बाईंनी तिला वाटेसाठी नारळ दिले आणि मावशीनं झाडूला नवीन दोरी बांधून दिली.

रोज संध्याकाळी सातला बाबांचा फोन यायचा. मला नाही, मावशीला. "मुक्काम?" "कडी?" "रस्ते?" तीन प्रश्न, तीन उत्तरं. मग बाबा बेल्लमपल्लीला कळवायचे. दोघं एकमेकांशी मोडक्या हिंदीत बोलू लागले होते आणि एकमेकांना भाईसाब म्हणत होते.

आता ती पाचव्या दिवसाची गोष्ट.

कोकणात आल्यापासून तंबू अजून एकदाही उघडले नव्हते. श्रावणी रोज कुरकुरायची. त्या सकाळी नऊच्या सुमाराला आम्ही एका लांबलचक, रिकाम्या किनाऱ्यावर पोचलो आणि मावशी म्हणाली, "आज तुमच्या तंबूत." आम्ही नाचलोच. तिनं किनारा पायानं तपासला. वरची पांढरी वाळू मोकळी, तिथं खुंट्या धरेनात. खाली उतरत गेली. काळपट, घट्ट, ओलसर वाळू आली, तिथं खुंटी ठोकली तर हलेना.

"इथीच," ती म्हणाली. "ओल हाय म्हंजे पानी आताच उतरलं. अन उतरलेलं पानी मृगापर्यंत येत नाही."

मी भरती-ओहोटीवर नववीत चार गुणांचं उत्तर लिहिलेलं आहे. आकृतीसकट. ते मला त्या क्षणी आठवलंही. पण हातात दगड घेऊन खुंटी ठोकणाऱ्या मावशीकडे पाहिलं आणि मी काही बोलले नाही. श्रावणी बोलली. "मावशी, पाणी वर येतं ना समुद्राचं?"

"येते ना. पुनवेले येते," मावशी म्हणाली. "पुनव होऊन चार दिवस झाले. आज चतुर्थी. माहा उपास हाय, मले नाही ठाऊक त कोनाले ठाऊक?"

तिथीच्या बाबतीत मावशीशी वाद घालायची आमच्या वसतिगृहात पद्धत नव्हती. सगळ्या बॅगा तंबूत ठेवल्या, कड्या लावल्या, वर दोन कुलपं घातली आणि आम्ही टेकडीवरच्या गावात गेलो. आम्हाला जेवायचं होतं, मावशीला संकष्टीचं गणपतीचं दर्शन घ्यायचं होतं. जेवणं झाली, फोन चार्ज झाले, मावशीनं केळी खाल्ली. अडीच वाजले असतील. देवळाच्या पायरीवर वाती वळत बसलेल्या एका आजींनी विचारलं, "कुठं उतरलात गो?"

"खाली वाळूवर, तंबूत," मावशी म्हणाली.

"कुठल्या वाळूवर?" आजींनी वात खाली ठेवली. "आता वाळू कुठाय? चतुर्थीची भरती तीनला पुरी होते."

मावशीनं आजींकडे पाहिलं. "दर्याले बी तिथ असते?"

"रोजची असते, बाय. पळा!"

इतकं आम्ही पूर्ण कोकणात धावलो नाही. खाली पोचलो तर किनारा अर्धा झालेला. एक तंबू आडवा होऊन तरंगत होता, दुसरा उभा होता पण गुडघाभर पाण्यात. मावशी पातळ खोचून थेट पाण्यात शिरली आणि कनवटीची किल्ली काढली. किल्ली म्हणजे किल्ल्यांचा जुडगा. सुटीत वसतिगृह बंद, म्हणून तिनं कुणावर विश्वास न ठेवता वसतिगृहाच्या सगळ्या किल्ल्या बरोबर आणल्या होत्या. लाट आली की ती हात वर करायची, लाट गेली की पुढची किल्ली लावायची. "ही कोठीघराची... ही गेटाची... ही, ही कोनाची माय?"

"मागून!" श्रावणी ओरडली आणि तिच्या बापाच्या रस्त्यानं, मागच्या झडपेतून आत घुसली. आतून एकेक बॅग बाहेर फेकायला लागली. मी झेलत होते, बाकीच्या तिघी ओढून वर नेत होत्या. तरंगणारा तंबू सुरूच्या बुंध्याला अडकला म्हणून सापडला. सगळं बाहेर निघालं तेव्हा मावशी अजून पाण्यात उभी होती, जुडगा हातात, समुद्राकडे तोंड करून.

"पुनव झाली ना बाप्पा!" ती त्याला सांगत होती. "झाली ना पुनव!"

आम्हाला इतकं हसू आलं की आम्ही ओल्या बॅगांवर बसलो. ती वळली, आम्हाला हसताना पाहिलं, आणि तीही हसेल असं मला वाटलं. ती हसली नाही. मग आम्हीही उठलो आणि बॅगा उघडायला लागलो.

घरून आणलेल्या ज्वारीच्या पिठाची लापशी झाली होती. अंथरुणं पिळून निघत होती, श्रावणीच्या पायाला शिंपला लागून रक्त येत होतं. पुढचं राहण्याचं घर डोंगरापलीकडे होतं. देवळातल्या आजींनी आम्हाला घरी नेलं. त्यांच्याकडे खोली एकच, तिथं आजारी आजोबा झोपलेले. आमच्यासाठी पडवी. शेणानं सारवलेली, स्वच्छ, आणि तीन बाजूंनी उघडी.

मावशीनं पडवीत उभं राहून सगळीकडे पाहिलं. दार शोधत होती बहुतेक. सात वाजायला वीस मिनिटं होती.

"मावशी," श्रावणी म्हणाली, "आजोबांच्या खोलीला कडी आहे. मी पाहिली. 'घराला कडी आहे' म्हण. खोटं नाही ते."

"घरालाच तर आहे," दुसरी म्हणाली.

मनात मीही तेच म्हणत होते, म्हण ना मावशी, एकदाच म्हण. हैदराबादचा फॉर्म मला डोळ्यांसमोर दिसत होता. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण तसं होतं खरं.

फोन वाजला. मावशीनं तो स्पीकरवर टाकला, आम्हाला ऐकू यावं म्हणून.

"हां कौसाबाई. मुक्काम?"

"एका आजीच्या पडवीत, भाऊ."

"कडी?"

"नाही."

"काय?"

"दारच नाही त कडी कोठी लावू? रस्ते म्हनसान त लय हायेत. तीन बाजू उघड्या."

"काऊन? काय झालं?"

मावशीनं सगळं सांगितलं. वाळू, पुनव, कुलूप, किल्ल्या. एकही गोष्ट गाळली नाही. "पोट्टी बोलली होती मले. मी आयकलं नाही. चूक माही हाय."

दुकानातल्या रेडिओचा आवाज येत होता, तो बंद झाला. "मंग ठरलं तसं," बाबा म्हणाले. "उद्या वापस."

"ठरलं होतं. मी नाही म्हनत नाही." मावशीनं फोन तोंडाजवळ धरला. "पन भाऊ, ठरवलं आपन तिघांनी. बाकावर बसून. पोरीयले कोनं इचारलं? आज पान्यातून सामान ह्याईनं काढलं. मी नुसत्या किल्ल्या पाहून राह्यली होती. आता मले नका इचारू. तिले इचारा." आणि तिनं फोन माझ्या हातात दिला.

मी इतकी बेसावध होते की फोन उलटा धरला.

"बाबा."

"हं."

"मी येते वापस. पाच दिवसांनी. ठरल्या तारखेला."

"अन तोवर? पडवीत?"

"आज पडवीत. उद्या दुसरीकडे. कुठे ते मी रोज सांगीन. कडी नसली तर नाही म्हणून सांगीन."

"भेव नाही वाटत तुले?"

"वाटते," मी म्हणाले. "पण वापस यायचं नाही आत्ता."

पलीकडून दुकानाचा गल्ला लोटल्याचा आवाज आला.

"जेवली का?" बाबांनी विचारलं.

"नाही अजून. मावशीचा उपास आहे. चंद्र निघाला की सगळ्या मिळून."

"मंग जेव," बाबा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

आम्ही एकमेकींकडे पाहत होतो तोच श्रावणीचा फोन वाजला. बेल्लमपल्ली. तिच्या वडिलांना बातमी पोचली होती. पडवी म्हणजे काय ते तिनं समजावलं. त्यांनी एकच विचारलं, बाहेर यायचे रस्ते किती? "मूडु," श्रावणी म्हणाली. तीन. "सरे," म्हणजे ठीक, ते समाधानानं म्हणाले. त्यांच्या मते इतका चांगला मुक्काम आम्हाला आतापर्यंत मिळालाच नव्हता.

आजींनी दुसऱ्या दिवशी मावशीला तिथीवरून भरतीची वेळ कशी काढायची ते बोटांवर शिकवलं. पंचांग तिला पाठच होतं. त्यानंतर ती श्रावणीच्या फोनच्या आधी भरतीची वेळ सांगायची, आणि वाटेत भेटणाऱ्या कोळणींना विचारून खात्री करून घ्यायची. त्या "बरोबर" म्हणाल्या की आमच्याकडे वळून पाहायची.

पुढच्या गावी ती खोलीत आलीच नाही. अंगणात बसली. "तुमचं तुमी पाहा." आम्ही पाहिली. खिडकीतून समुद्र दिसत होता आणि कडी जरा ढिली होती. आम्ही ती खोली घेतली. मावशी आत आली, तिचा हात आपोआप कडीकडे गेला, मधेच थांबला, आणि तिनं त्याच हातानं कपाळावरचे केस मागे सारले. संध्याकाळभर ती त्या कडीकडे पाहत होती. सातला फोन आला तो मला. "कडी ढिली आहे, बाबा," मी म्हणाले. "खाली खुर्ची लाव," ते म्हणाले.

आता मी हैदराबादला शिकते. श्रावणीच्या मामेभावानं तंबूंना कड्या कुणी शिवल्या म्हणून अजून विचारायचं थांबवलेलं नाही. परवा सुटीत वसतिगृहात एक दाखला घ्यायला गेले होते. बाकावर एक गृहस्थ बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि शेजारी त्यांची मुलगी. समोर मावशी सुपात बरबटीच्या शेंगा मोडत होती. मला तिनं डोळ्यांनीच थांब म्हटलं.

"सहलीले तुमी जानार असान पोरीयबरोबर तरच धाडतो," ते म्हणत होते. "तुमी कबूल करा की काई होनार नाही."

"मी जाईन जी," मावशी म्हणाली. "पन कबूल मी काई करत नाही आता. पोरगी तुमच्या बाजूलेच बसली ना? तिले इचारा." आणि सूप उचलून ती स्वयंपाकघरात गेली. शेंगा अर्ध्या राहिल्या होत्या.

मला बस गाठायची होती. गेटपर्यंत गेले आणि वळून पाहिलं. बाकावर ते गृहस्थ मुलीकडे वळले होते आणि मुलगी पायाच्या बोटाकडे पाहत होती. स्वयंपाकघराच्या जाळीच्या दारामागे मावशी सूप पोटाशी धरून उभी होती, अजिबात न हलता, मान एका बाजूला कललेली. मुलगी काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. पण दारामागून शेंगा मोडल्याचा आवाज सुरू झाला, भरभर.